सायलेन्सर मोकळा, गाडी ढिली

एक्झॉस्टविषयी गॅरेजांत दोन समजुती नांदतात, आणि गंमत अशी की पुष्कळदा त्या एकाच माणसाच्या डोक्यात असतात. पहिली समजूत म्हणते की सायलेन्सरमुळे इंजिनाची कोंडी होते. पुंगळी काढा, पाईप जाड टाका, धूर मोकळा जाऊ द्या, की दाबून ठेवलेली ताकद बाहेर येईल. दुसरी समजूत म्हणते की इंजिनाला थोडे ‘बॅक प्रेशर’ लागतेच. सायलेन्सर फार मोकळा केला तर पिकअप जातो. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, पण दोन्हींच्या मागे लोकांचा अनुभव आहे. शर्यतीच्या गाड्यांचे पाईप मोकळेच दिसतात, आणि मोकळा पाईप बसवल्यावर शहरात गाडी ढिली वाटते, हेही अनेकांनी पाहिलेले असते. माझे म्हणणे असे की दोघांचे निरीक्षण बरोबर आहे आणि दोघांचे निदान चुकीचे आहे. दोघेही एक्झॉस्टकडे सांडपाण्याच्या नळासारखे पाहतात: किती जाते आणि किती अडते. इंजिनाला मात्र त्याहून जास्त फरक पडतो तो कोणता धक्का केव्हा परत येतो याने. ते ठरते इंजिनाला लागून असलेल्या पहिल्या हात-दीड हातात. लोक पैसे खर्च करतात ते मागच्या टोकाच्या डब्यावर, आणि त्याच्या हातात फारच थोडे असते.

आधी किती वायू बाहेर पडतो ते पाहू. आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल गाड्यांत वर्षानुवर्षे ११९७ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन सर्रास आढळते. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना चारही सिलिंडर एकदा भरतात आणि एकदा रिकामे होतात. ६००० आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल तर असे इंजिन सेकंदाला सुमारे ६० लिटर हवा आत घेते. जळून बाहेर पडणारा वायू सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्या घरात तापलेला असल्याने फुगून जवळजवळ तिप्पट होतो, म्हणजे सेकंदाला १८० लिटरच्या आसपास. ४५ मिलिमीटर व्यासाच्या पाईपमधून तो न्यायचा तर त्याचा सरासरी वेग ताशी ४०० किलोमीटर भरतो. आकडा मोठा आहे, पण त्यातला ‘सरासरी’ हा शब्द फसवा आहे. वायू असा अखंड वाहतच नाही. प्रत्येक सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ६००० आरपीएमला सेकंदाला पन्नासदा उघडतो आणि एकूण वेळेच्या जेमतेम तिसरा हिस्सा उघडा राहतो. शिवाय पिस्टन तळाशी पोहोचण्याची तो वाट पाहत नाही. क्रँक ४०-५० अंश मागे असतानाच उघडतो. त्या वेळी आतला दाब बाहेरच्या हवेच्या चार-पाच पट असतो, त्यामुळे पिस्टनने ढकलायला सुरुवात करण्याआधीच बराचसा वायू स्वतःच्या दाबाने पाईपमध्ये उसळतो. पाईपच्या वाट्याला येते ती अशा उसळ्यांची माळ.

अशी उसळी पाईपमध्ये शिरली की दोन गोष्टी वेगवेगळ्या वेगाने निघतात. एक वायू स्वतः आणि दुसरी दाबाची लाट. देवळाच्या दर्शनबारीत मागून कोणी रेटले तर प्रत्येक जण पाऊलभरच सरकतो, पण रेटा क्षणात पुढच्या माणसापर्यंत पोहोचतो, तसेच हे. वायूचे कण सेकंदाला शंभरएक मीटरने सरकत असताना लाट त्या तापलेल्या वायूतल्या ध्वनीच्या वेगाने, सेकंदाला साधारण साडेपाचशे ते सहाशे मीटरने पुढे धावते. महत्त्वाचे पुढेच आहे. पाईप जिथे एकदम रुंद होतो किंवा उघड्यावर संपतो तिथे लाट उलटी होऊन परत फिरते: गेली दाबाची, आली ओढीची. जिथे पाईप अरुंद होतो किंवा बंद असतो तिथून ती दाबाचीच लाट म्हणून परत येते. म्हणजे एक्झॉस्टचा प्रत्येक सांधा, फुगवटा आणि चिमटा इंजिनाकडे काहीतरी परत पाठवत असतो. ते मदतीचे ठरते की अडचणीचे, हे ते कोणत्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोहोचते यावर अवलंबून.

तो क्षण म्हणजे ‘ओव्हरलॅप’. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर पोहोचतो तेव्हा थोडा वेळ एक्झॉस्ट आणि इनटेक असे दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असतात. पिस्टनच्या माथ्यावर दहनकक्षाची जागा उरतेच. दहास एक कॉम्प्रेशनच्या इंजिनात ती पिस्टनने कापलेल्या जागेच्या एक नवमांश असते. तिथला जळका वायू पिस्टनला ढकलता येत नाही, कारण पिस्टन तिथवर जातच नाही. तो काढू शकते ती फक्त ओढीची लाट. ती नेमकी त्या वेळी आली तर उरलासुरला वायू खेचून नेते आणि पिस्टन खाली सरकण्याच्या आतच ताजी हवा आत ओढून घेते. चुकून दाबाची लाट आली तर जळका वायू परत आत ढकलला जातो आणि पुढच्या खेपेला ताज्या हवेची तेवढी जागा बळकावतो. आता अडचण अशी की क्रँकच्या अर्ध्या फेरीला ३००० आरपीएमला १० मिलिसेकंद लागतात आणि ६००० ला ५. तेवढ्या वेळात लाट अनुक्रमे साडेपाच मीटर आणि पावणेतीन मीटर धावते. इंजिनाची गती क्षणोक्षणी बदलते, पाईपची लांबी मात्र कारखान्यात एकदाच ठरते. म्हणून कोणत्याही ठरीव लांबीच्या पाईपने एका आरपीएमला केलेले उपकार तो दुसऱ्या आरपीएमला वसूल करतो. टॉर्कच्या आलेखात दिसणारे चढउतार काही अंशी याच हिशेबाचे असतात.

आता बॅक प्रेशरवाल्यांचे निरीक्षण उलगडते. नेहमीच्या पाईपच्या जागी फार जाड पाईप टाकला की वायूचा वेग कमी होतो आणि त्याच उसळीतून उठणारी लाट दुबळी होते, कारण तेवढाच वायू आता मोठ्या तोंडात पसरतो. व्हॉल्व्ह मिटत असताना पुढे धावणाऱ्या वायूच्या वेगामुळे मागे जी ओढ राहते तीही घटते. शिवाय सांध्यांच्या जागा बदलल्या तर लाटांच्या वेळा बिघडतात. हे सगळे कमी आरपीएमला जास्त जाणवते, म्हणजे शहरात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलताना. फिटर म्हणतो, ‘बॅक प्रेशर गेला.’ गेलेले असते ते वेळेचे गणित आणि वायूचा वेग. अडथळा कमी झाला एवढ्यामुळे काही बिघडलेले नसते. अडथळाच हवा असता तर अर्धवट तुंबलेल्या सायलेन्सरच्या गाडीचा पिकअप वाढायला हवा होता, आणि तसा वाढल्याचे कोणत्याही मेकॅनिकने पाहिलेले नाही. सतत अडवणारा दाब इंजिनाला कधीच उपयोगी नसतो. कधीकधी तो चुकवणे इतके महाग पडते की सोसणेच परवडते, एवढेच.

वेळेचा हा खेळ ज्याने सगळ्यात टोकाला नेला तो मोटारींतला माणूस नव्हता. पूर्व जर्मनीतल्या च्शोपाऊ गावच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन हा अभियंता १९५० च्या दशकात टू-स्ट्रोक रेसिंग मोटरसायकलींवर काम करत होता. टू-स्ट्रोक इंजिनाची जुनी खोड अशी की त्यात व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात. ताजे मिश्रण आत येते तेव्हा एक्झॉस्टची खिडकी उघडीच असते आणि त्यातले बरेचसे सरळ बाहेर निघून जाते. काडेनने ऑसिलोस्कोपवर पाईपमधल्या दाबाचे आलेख पाहून पाईपला आकार दिला: आधी हळूहळू रुंदावणारा शंकू, मग फुगलेले पोट, मग आवळत जाणारा शंकू आणि शेवटी बारीक नळी. रुंदावणाऱ्या शंकूतून ओढीची लाट परत येते आणि सिलिंडर साफ करते, शिवाय ताजे मिश्रण खेचून थोडे पाईपमध्येही आणते. तेवढ्यात आवळत्या शंकूवरून दाबाची लाट परत येते आणि बाहेर आलेले मिश्रण खिडकी बंद होण्याच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. १९६१ साली त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ हॉर्सपॉवर दिली, म्हणजे लिटरला २०० या हिशेबाने, तीही सुपरचार्जरशिवाय. हे तोवर कोणाला जमले नव्हते. तुलनेसाठी, आपल्याकडे १९८५ मध्ये आलेली आणि पिढीभर पोरांना वेड लावणारी यामाहाची आरएक्स १०० तिच्या ९८ सीसीतून ११ हॉर्सपॉवर देत असे. तिच्या फुगीर सायलेन्सरच्या पोटातही याच विद्येचा संसारी अवतार होता.

पुढची कथा हेरकथेसारखी आहे. त्याच १९६१ च्या सप्टेंबरमध्ये, बर्लिनची भिंत उभी राहून महिनाच झाला असताना, एमझेडचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला. सोबत नेलेले ज्ञान त्याने सुझुकीला दिले. १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद जिंकले आणि जिंकणारा डेग्नरच होता. पण मला या कथेतला पळून जाण्यापेक्षा पुढचा एक तांत्रिक तपशील जास्त बोलका वाटतो. लाटांची वेळ जितकी अचूक जुळवावी तितका तिचा फायदा आरपीएमच्या चिंचोळ्या पट्ट्यात अडकतो. १९६७ पर्यंत सुझुकीच्या ५० सीसीच्या रेसिंग गाडीचे इंजिन सतरा हजार आरपीएमच्या पुढे फिरत होते आणि त्याला त्याच्या लाडक्या पट्ट्यात ठेवण्यासाठी गिअर द्यावे लागले होते चौदा. शर्यतीचा एक्झॉस्ट रस्त्यावरच्या गाडीला का लावू नये याचे उत्तर त्या चौदा गिअरांत आहे.

इथे कोणी म्हणेल, काडेनचा आवळता शंकू म्हणजे बॅक प्रेशरच झाला की! दाब मागे येतो, मिश्रण अडवतो आणि ताकद वाढते. आक्षेप चांगला आहे, पण तो काडेनच्याच बाजूने जातो. तो दाब मिलिसेकंदाच्या काही भागापुरता, खिडकी मिटण्याच्या तोंडावर येतो. त्याच्या आधी क्षणभर तिथे उलट ओढ असते. सतत दाब ठेवला असता तर सिलिंडर साफच झाला नसता. शिवाय फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण अडवायचे काम व्हॉल्व्ह करतो, म्हणून मोटारीला परत येणाऱ्या दाबाचा तोही उपयोग नाही. तिला हवी असते फक्त ओढ, आणि तीही ओव्हरलॅपच्या वेळी.

पण मोटारीत एक नवी भानगड असते. सिलिंडर एकाहून अधिक असतात आणि त्यांचे पाईप पुढे मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतात. चार सिलिंडरच्या नेहमीच्या इंजिनात पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा असतो आणि दर अर्ध्या फेरीला एक सिलिंडर पेटतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र अर्ध्या फेरीहून बराच जास्त वेळ उघडा असतो. परिणामी पहिल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट संपत येऊन ओव्हरलॅप सुरू होतो नेमका तेव्हाच तिसऱ्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि चार-पाच पट दाबाची उसळी पाईपमध्ये येते. मॅनिफोल्ड आखूड असेल, जुन्या बिडाच्या मॅनिफोल्डसारखा सरळ एका आडव्या नळीत चारही तोंडे उघडणारा, तर दोघांमधले अर्ध्या मीटरचे अंतर ती लाट एका मिलिसेकंदाच्या आत कापते आणि पहिल्या सिलिंडरमध्ये घुसते. ताज्या हवेच्या स्वागताला शेजाऱ्याचा धूर हजर. यावरचा उपाय जुना आहे: पहिल्याला चौथ्याशी आणि दुसऱ्याला तिसऱ्याशी जोडायचे, कारण या जोड्यांतले सिलिंडर पूर्ण एका फेरीच्या अंतराने पेटतात, आणि मग दोन नळ्या बऱ्याच पुढे जाऊन एकत्र करायच्या. याला फोर-टू-वन हेडर म्हणतात. बरीच वर्षे तो शर्यतीच्या आणि स्पोर्ट्स गाड्यांचा दागिना समजला जाई.

माझदा या जपानी कंपनीने २०११-१२ च्या सुमारास स्कायॲक्टिव्ह-जी इंजिने आणली तेव्हा हा दागिना साध्या कुटुंबाच्या गाडीला चढवला. कारण वरच्या गतीची जादा हॉर्सपॉवर नव्हते. त्यांना कॉम्प्रेशन चौदास एकपर्यंत न्यायचे होते, त्या काळच्या पेट्रोल गाडीत जवळजवळ न ऐकलेला आकडा. कॉम्प्रेशन जास्त तर त्याच पेट्रोलमधून काम जास्त, पण आत नॉकिंग होते, म्हणजे मिश्रण वेळेआधी आपोआप पेटते. माझदाने मांडलेला हिशेब कोणालाही पडताळता येण्याजोगा आहे. सिलिंडरमध्ये ७५० अंशांचा जळका वायू १० टक्के उरला आणि २५ अंशांची ताजी हवा त्यात मिसळली तर दाबण्याआधीच मिश्रणाचे तापमान सुमारे ७० अंशांनी चढते. दाबून झाल्यावर तोच फरक १६० अंशांच्या आसपास जातो. नॉकिंगचे मूळ हेच. त्यांच्या गणितानुसार उरलेला वायू ८ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला तर कॉम्प्रेशन अकरावरून चौदावर नेले तरी शेवटचे तापमान तेवढेच राहते. वायू कमी उरावा म्हणून लांब फोर-टू-वन हेडर आला: शेजाऱ्याची लाट इतक्या लांबून यायची की रस्त्यावरच्या बहुतेक गतींना ती पोहोचेपर्यंत व्हॉल्व्ह मिटलेला असायचा. म्हणजे कॉम्प्रेशन, मायलेज आणि टॉर्क यांचा निर्णय काही अंशी हेडरच्या नळीच्या लांबीवर झाला. याची उलट बाजूची साक्षही आहे. अमेरिकेत २०१२ ची माझदा३ हे इंजिन घेऊन आली तेव्हा गाडीचा सांगाडा जुना होता आणि हा लांबलचक हेडर त्यात मावत नव्हता. कॉम्प्रेशन बारास एकवर थांबवावे लागले. पुढच्याच वर्षीच्या सीएक्स-५ चा सांगाडा नवा होता, हेडर मावला आणि त्याच देशातल्या त्याच पेट्रोलवर ते तेरास एक झाले. एक्झॉस्टची रचना इंजिनाला काय देते हे दाखवणारे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते.

मग सगळ्याच कंपन्या लांब हेडर का लावत नाहीत? कारण त्याच पाईपच्या पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसतो. तो अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात गाडी सगळ्यात जास्त विष ओकते, म्हणून कन्व्हर्टर इंजिनाला जितका चिकटून असेल तितके बरे. लांब नळ्या म्हणजे वाटेत उष्णता गमावणे. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ ही धुराची मानके आल्यावर ही ओढाताण आणखी तीव्र झाली. माझदाने थंड असताना ठिणगी मुद्दाम उशिरा पाडून वायू जास्त गरम बाहेर सोडण्याची आणि ते स्थिर जळावे म्हणून पिस्टनच्या माथ्यावर खळगा करण्याची तोड काढली. इतर अनेकांनी उलटा रस्ता धरला आणि मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्या आतच ओतला, इंजिनाच्या पाण्याने थंड होणारा. तीन सिलिंडरच्या इंजिनांना तर या भांडणातून जवळपास सुटकाच मिळते: त्यांचे सिलिंडर २४० अंशांच्या अंतराने पेटतात, व्हॉल्व्ह साधारण तेवढाच वेळ उघडा असतो, म्हणून शेजाऱ्याची उसळी चुकीच्या वेळी फारशी येत नाही आणि आखूड मॅनिफोल्ड चालून जातो. २०२४ मध्ये मारुतीने स्विफ्टचे चार सिलिंडरचे ११९७ सीसी इंजिन काढून त्याच क्षमतेचे तीन सिलिंडरचे बसवले. त्यामागे खर्च, वजन आणि घर्षणाची कारणे असणारच, पण एक्झॉस्टच्या बाजूने पाहिले तर त्यात तक्रारीला जागा नाही.

आता मागच्या डब्याकडे येऊ, कारण बाजार तिथे भरलेला आहे. धरून चालू की आपल्या ११९७ सीसीच्या गाडीत पूर्ण ताकदीला सगळ्या एक्झॉस्टचा मिळून उलटा दाब वातावरणाच्या ०.३ पट आहे. साध्या गाडीसाठी हा आकडा वाजवी आहे. या दाबाविरुद्ध १.२ लिटर वायू ढकलायला दर खेपेला ३६ जूल लागतात, आणि ६००० आरपीएमला सेकंदाला अशा ५० खेपा. एकूण १८०० वॅट, म्हणजे अडीच हॉर्सपॉवरहूनही थोडे कमी. ८३ हॉर्सपॉवरच्या इंजिनात तीन टक्के. आत कमी वायू उरल्याचा फायदा धरला तर आणखी एखाददुसरा टक्का. हेही केव्हा? कन्व्हर्टर, मधला डबा, मागचा डबा आणि पाईप हे सगळेच जादूने नाहीसे केले तर. नुसता मागचा डबा बदलून यातला एक तुकडाच हाती लागतो, तोही ॲक्सिलरेटर जमिनीला टेकवून वरच्या टोकाच्या आरपीएमला. शहरात २५०० आरपीएमला हलक्या पायाने चालवताना वायूचा प्रवाह पाचव्या हिश्शावर येतो आणि दाब प्रवाहाच्या वर्गाने, म्हणजे पंचविसाव्या हिश्शावर. तेव्हा ढकलण्यावर खर्च होते साधारण ३० वॅट, तर सपाट रस्त्यावर पन्नासच्या वेगाने जायला त्याच गाडीला तीन-चार किलोवॅट लागतात. ‘फ्री फ्लो’ बसवून रोजच्या वापरात ॲव्हरेज वाढल्याचे सांगणाऱ्यांनी ही भागाकाराची पायरी एकदा करून पाहावी.

‘पण गाडी पळते ना!’ हा आक्षेप राहतोच, आणि तो खोटेपणाने केलेला नसतो. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, आणि ज्याने पैसे खर्च केले तो पाय जरा जास्त दाबतो. आवाजाची ऊर्जा म्हणाल तर ती फारच क्षुल्लक. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा एक्झॉस्टमधून जातो खरा, पण उष्णता म्हणून; कानठळ्या बसवणारा सायलेन्सरही आवाजाच्या रूपात त्यातला नगण्य भागच फेकतो. तेव्हा आवाज दाबल्याने ताकद दाबली जाते हे गृहीतकच पोकळ आहे. अमेरिकेत मिल्टन रीव्ह्ज आणि त्याच्या भावाने १८९७ मध्ये मफलरचे पेटंट घेतले तेव्हापासून ही शंका मागे लागलेली आहे. सुरुवातीच्या मोटारींत चढावर मफलर वळसा घालून टाळण्याची झडपही असे. त्या काळच्या ओबडधोबड मफलरबाबत ती शंका रास्त होती. आजचा डबा लाटा एकमेकींवर आदळवून आणि छिद्रांच्या नळीभोवतीच्या तंतूंत जिरवून आवाज मारतो, आणि वायूला सरळ वाट ठेवूनही हे जमते.

शर्यतीच्या गाड्यांचे काय? त्यांना मागे डबा नसतो, पण त्यांचे पाईप मोकळे असतात हे म्हणणे अर्धेच खरे. फोर्डच्या जीटी४० चे छायाचित्र पाहा: आठ नळ्या एकमेकींत गुंतलेल्या, इंजिनाच्या डाव्या बाजूच्या काही उजवीकडे नेलेल्या आणि उजवीकडच्या डावीकडे. त्या व्ही-८ मध्ये एकाच बाजूचे सिलिंडर कधीकधी लागोपाठ पेटतात, म्हणून उसळ्या समान अंतराने याव्यात यासाठी हा सगळा सर्पविळखा. त्यातली एकही नळी हातभर छाटली तरी गणित बिघडले असते. त्या पाईपची नक्कल म्हणून आपल्याकडे बुलेटला इंदोरी सायलेन्सर लावणारा गडी शर्यतीच्या गाडीतले नेमके तेच सोडून देतो ज्याने ती जिंकते.

एका ठिकाणी मात्र मोकळ्या पाईपवाल्यांना मान द्यायला हवा, आणि ते म्हणजे टर्बो. टर्बोच्या गाडीत मॅनिफोल्डमधल्या उसळ्या सरळ टर्बाइनच्या पात्यांवर जातात. ट्विन-स्क्रोल टर्बोत पुन्हा तीच जोडी दिसते, १-४ एका दारातून आणि २-३ दुसऱ्यातून. टर्बाइनच्या पुढे मात्र लाटांचे फारसे काही उरत नाही आणि तिथला पाईप खरोखरच नळासारखा होतो. टर्बाइनच्या दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावर टर्बो फिरतो, म्हणून त्याच्या पुढे जितका कमी अडथळा तितका तो चटकन वेग घेतो. इथे जाड पाईपचा फायदा खरा असतो. तरीही आजच्या गाडीत टर्बोने किती दाब करायचा हे इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. त्याचे नकाशे बदलल्याशिवाय तो टर्बाइनला वळसा देणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, उघडून जादा फायदा सोडून देतो. आणि नकाशे बदलले की गिअरबॉक्स, क्लच, वॉरंटी असा नवा प्रपंच सुरू होतो. कायदाही आहे: मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही आणि कलम १९०(२) खाली आवाज-धुराचे मानक मोडल्यास पहिल्या गुन्ह्यालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय परवाना तीन महिने रद्द होऊ शकतो. रोड रोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरांच्या रांगा वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसतात, त्या याच कारवाईच्या.

गाडी खरोखरच कोंडली असेल, तर ती कोंडी जवळपास कधीच कंपनीच्या रचनेतली नसते. ती नंतर झालेली असते. मिसफायर होऊन न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटले की आतली सिरॅमिकची जाळी वितळते किंवा तुटून पुढे अडकते. डिझेल गाडी सदा शहरातच फिरली की तिचा काजळी गाळणारा फिल्टर भरत जातो. आपटलेला मधला पाईप आतून चेपतो. लक्षण ठरलेले: सुरुवातीला गाडी ठीक उचलते, पण आरपीएम चढताच दम सोडते. हे तपासायला तर्काची गरज नाही. कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या भोकात दाबमापक लावतात. पेट्रोल गाडीत इंजिन नुसते चालू असताना काटा साधारण दीड पीएसआयच्या खाली आणि उभ्या गाडीत २५०० आरपीएमला तीनच्या खाली राहिला, तर एक्झॉस्ट मोकळाच आहे आणि मागचा डबा बदलून काही मिळणार नाही. काटा त्याच्या वर गेला, तर जो भाग तुंबला आहे तोच बदलायचा, मूळ मापाचा.